अकरा भाग, एक सिनेमा आणि एकवीस लाख डॉलरचं बिल

ऑक्टोबर २००६च्या अखेरीस अमेरिकेतल्या काही चाहत्यांनी मिळून एक बिल तयार केलं. बिल युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीच्या नावे होतं. कामाचे तास २८,००० च्या वर, रक्कम सुमारे २१ लाख डॉलर. काम काय, तर ‘सेरेनिटी’ या कंपनीच्याच सिनेमाची फुकटात केलेली जाहिरात. हे बिल कुणी भरणार नाही, हे बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा एका बंद पडलेल्या मालिकेच्या चाहत्यांनी गेल्या वीस-बावीस वर्षांत जे जे उद्योग केले, त्यांत मला हा कागद सगळ्यात बोलका वाटतो. तो नीट कळायचा तर २००२ सालापासून सुरुवात करायला हवी.

‘फायरफ्लाय’ ही जॉस व्हीडनची मालिका फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाली. काळ २५१७ सालचा. माणसं पृथ्वी सोडून दुसऱ्याच सूर्यमालेत जाऊन वसली आहेत. मधल्या श्रीमंत ग्रहांवर उंच मनोरे आणि चकचकीत इस्पितळं, तर कडेच्या चंद्रांवर धूळ, घोडे, पिस्तुलं आणि दारूचे गुत्ते. अमेरिकी वेस्टर्नचं सगळं सामान उचलून अवकाशात नेलेलं. परग्रहवासी औषधालाही नाहीत. निर्वात पोकळीत जहाज उडतं ते आवाज न करता. मधूनच त्या जहाजाच्या पोटात विकायला नेलेली गुरं उभी असतात, आणि बघणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

जहाजावर नऊ जण. कप्तान माल्कम रेनल्ड्स हा हरलेल्या बाजूचा सैनिक. ‘अलायन्स’ नावाच्या बलाढ्य सत्तेविरुद्ध कडेच्या ग्रहांनी युद्ध पुकारलं होतं, त्यात ते चिरडले गेले. या बंडखोरांचे कोट तपकिरी, म्हणून ते ब्राउनकोट. ज्या खोऱ्यात त्यांचा शेवटचा पराभव झाला त्याचं नाव सेरेनिटी, आणि युद्धानंतर माल्कमने घेतलेल्या जुनाट मालवाहू जहाजाचं नावही सेरेनिटीच. पराभवाचं नाव गाडीवर रंगवून फिरणारा माणूस आहे हा.

चाहत्यांनी स्वतःसाठी नाव निवडलं ते ब्राउनकोट. प्रकरणाची किल्ली माझ्या मते इथेच आहे. कुठल्याही मालिकेचे चाहते ती बंद झाली की चिडतात, पत्रं लिहितात, थोड्या दिवसांनी दुसरीकडे वळतात. या चाहत्यांपुढे मात्र मालिकेनेच एक भूमिका तयार ठेवली होती: समोरचा बलाढ्य आहे, आपण मूठभर आहोत, आपण हरलो, पण आपलं चुकलं नव्हतं. फॉक्सने मालिका बंद केली आणि कथेतला पराभव खऱ्या अर्थाने त्यांच्या वाट्याला आला. पुढे त्यांनी जे केलं ते सगळं याच भूमिकेतून केलं. तिचा त्यांना फायदा झाला, आणि एकदा तिने त्यांना चांगलंच चकवलंही.

फॉक्सवरच्या त्यांच्या तक्रारी पोकळ नव्हत्या. पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीला पसंत पडला नाही. मग व्हीडन आणि त्याचा सहकारी लेखक-निर्माता टिम मिनिअर यांनी शनिवार-रविवारात बसून आगगाडीच्या दरोड्याचा नवा भाग लिहिला आणि पडदा वर गेला तो त्या भागाने. वार शुक्रवार, वेळ रात्री आठची, म्हणजे अमेरिकी तरुण घरात नसण्याची. ऑक्टोबरात बेसबॉलच्या सामन्यांनी एक आठवडा खाल्ला. भागांचा क्रमही मूळचा राहिला नाही. तयार १४ भागांपैकी ११च दाखवले गेले, आणि तो मूळ पहिला भाग लागला २० डिसेंबरला, सर्वांत शेवटी, मालिका बंद करायचं ठरून गेल्यावर. पळून आलेला डॉक्टर आणि त्याची बहीण या जहाजावर चढले कसे, हे प्रेक्षकांना निरोपाच्या दिवशी कळलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण आकडाही होता. सरासरी ४७ लाख प्रेक्षक आणि त्या हंगामातल्या मालिकांत ९८वा क्रमांक. २००२ साली मोठ्या अमेरिकी वाहिनीला हा आकडा परवडणारा नव्हता. क्रम नीट असता, वार वेगळा असता तर तो वाढला असता का? कदाचित. चाहत्यांच्या सांगण्यात मात्र हा ‘कदाचित’ फार लवकर गळून पडला. राहिलं ते ‘फॉक्सने मारली’ एवढंच. माझ्या मते फॉक्सने मालिका निष्काळजीपणे हाताळली हे खरं, आणि तिच्याकडे प्रेक्षक कमी होते हेही तितकंच खरं. यातलं दुसरं वाक्य ब्राउनकोटांच्या मेळाव्यात म्हणून बघा.

बंदीची कुणकुण लागली तेव्हाच त्यांनी वर्गणी काढून ‘व्हरायटी’ या सिनेव्यवसायाच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली. मालिका बंद पडल्यावर यूपीएन या दुसऱ्या वाहिनीने ती घ्यावी म्हणून पोस्टकार्डं पाठवली. यूपीएनने घेतली नाही. प्रकरण इथे संपायला हवं होतं. डिसेंबर २००३ मध्ये डीव्हीडी संच बाजारात आला, त्यात चौदाही भाग होते आणि ते मूळ क्रमाने होते. ज्यांनी टीव्हीवर मालिका पाहिलीच नव्हती अशांनी ती आता पहिल्यांदा पाहिली. चाहत्यांनी एक संच स्वतःला घेतला आणि एक उसना द्यायला. ‘बघ आणि परत कर’ म्हणून दिलेले संच परत आले नाहीत तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही, उलट काम झालं असं समजून आणखी एक विकत घेतला. खप इतका झाला की युनिव्हर्सलने सिनेमा काढायचं ठरवलं. टीव्हीवर आपटलेल्या मालिकेवर तीन वर्षांत मोठ्या पडद्याचा सिनेमा, तोही त्याच नऊ नटांना घेऊन, ही गोष्ट तेव्हा अपूर्वच होती.

युनिव्हर्सलने मग हुशारी केली. चाहत्यांनाच प्रचारक केलं. सदस्य आणा, पोस्टरं लावा, ओळखीच्यांना सांगा आणि त्याबद्दल गुण मिळवा, त्या गुणांवर भेटवस्तू घ्या, अशी रीतसर योजना काढली. २००५च्या मे महिन्यात दहा शहरांत सिनेमाचे आगाऊ खेळ झाले, मग वीस शहरांत, जूनमध्ये पस्तीस शहरांत. सिनेमा पुरता तयारही नव्हता आणि तिकिटं मात्र हां हां म्हणता संपत होती. कंपनीला वाटलं, बाजी मारली. ब्राउनकोटांनाही तेच वाटलं.

३० सप्टेंबर २००५ ला ‘सेरेनिटी’ प्रदर्शित झाला. पहिल्या तीन दिवसांत साधारण एक कोटी डॉलर आले आणि सिनेमा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. दुसऱ्या आठवड्यात कमाई जवळपास निम्म्यावर आली. खर्च ३ कोटी ९० लाख डॉलरचा. अमेरिकेतून अडीच कोटी आणि जगभरातून मिळून चार कोटींच्या आसपास कमाई झाली. त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, प्रसिद्धीचा खर्च वेगळा. समीक्षकांनी वाखाणला, २००६ साली विज्ञानकथाविश्वातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. दुसरा सिनेमा निघाला नाही.

आपल्याकडे संगीत नाटकाचे दर्दी असतात, एकच नाटक दहा-दहा वेळा बघणारे. पुढच्या दोन रांगा ते भरून टाकतात, ‘वन्स मोअर’ देतात, नटाला वाटतं गाव लोटलंय. निर्मात्याला मात्र मागच्या रांगांत कोण बसलंय ते मोजावं लागतं. ‘सेरेनिटी’चं हेच झालं. आगाऊ खेळांची तिकिटं संपवणारे आणि पहिल्या शुक्रवारी पुन्हा रांग लावणारे बरेचसे तेच ते लोक होते. त्यांनी सिनेमा पाच वेळा पाहिला, पण त्याने पाच नवे प्रेक्षक झाले नाहीत. मघाशी म्हटलेलं चकवणं ते हेच. मूठभर असणं ही ज्यांच्या अभिमानाची गोष्ट, त्यांना मूठभर असणं हीच अडचण आहे हे दिसायला वेळ लागला. अर्थात ज्या कंपनीला हिशेबाचा पगार मिळतो, तिलाही दिसलं नाही, तेव्हा चाहत्यांना काय बोल लावणार.

सिनेमाने त्यांना आणखी एक धक्का दिला. वीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही. जहाजाचा वैमानिक वॉश, फुलाफुलांचे शर्ट घालणारा आणि सुकाणूपाशी प्लॅस्टिकचे डायनोसॉर खेळवणारा, शेवटाकडे अचानक मारला जातो. जहाज सुखरूप उतरवून झाल्यावर, वाक्य पुरं व्हायच्या आत. थिएटरात त्या क्षणी उमटलेल्या किंकाळ्यांबद्दल चाहते अजून बोलतात. आपण ज्याला परत आणलं त्यालाच आपल्यासमोर मारलं, हा राग काहींच्या मनातून गेलाच नाही. आणि त्याच रागातून टी-शर्ट निघाले, वॉशचे शेवटचे शब्द गोंदवून घेतले गेले, मेळाव्यांत टेबलाटेबलांवर प्लॅस्टिकचे डायनोसॉर मांडले जाऊ लागले.

आता ते बिल. सिनेमाच्या प्रचारात राबलेल्या एका चाहतीने मालिकेवरून सुचलेली चित्रं काढून त्यांचे टी-शर्ट वगैरे विकायला ठेवले होते. प्रचार चालू होता तेव्हा कंपनीला याचं काही वाटलं नाही, किंवा कंपनीने कानाडोळा केला. २००६ च्या ऑक्टोबरात या चाहतीला कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं: विक्री बंद करा आणि आजवरच्या परवाना शुल्कापोटी आठ-नऊ हजार डॉलर भरा.

कायद्याने कंपनीचं चुकलं होतं असं म्हणता येणार नाही. हक्क तिचे होते. पण वर्षभरापूर्वी याच लोकांना ‘पोस्टरं लावा, माणसं जमवा’ म्हणून गुण वाटले होते. ब्राउनकोटांनी यावर निषेधाची पत्रं लिहीत बसण्याऐवजी तास गोळा केले. कुणी किती वेळ पत्रकं वाटली, कुणी दुकानादुकानांतून पोस्टरं नेऊन दिली, कुणी मित्रांना स्वखर्चाने थिएटरात नेलं, ज्याने त्याने आपले तास कळवले. त्यांची बेरीज झाली २८,०३०. तासाला ७५ डॉलर दर लावला आणि बिल तयार केलं.

या बिलात विनोद आहे, पण विनोदाखालचा मुद्दा पक्का आहे. कंपनी प्रेमाची भाषा बोलत होती तोवर चाहतेही प्रेमाने राबले. तिने परवान्याची आणि शुल्काची भाषा सुरू केल्यावर त्यांनी तिच्याच भाषेत उत्तर दिलं. तुम्ही आमच्या चित्रांचा हिशेब मागता, मग आमच्या कामाचाही घ्या. इतकी वर्षं अलायन्सविरुद्धच्या घोषणा देणाऱ्या लोकांनी पहिल्यांदाच खातेवहीतून लढाई दिली. पैसा एकही मिळाला नाही. पण चाहत्यांचा फुकटचा प्रचार कुठे संपतो आणि बिनपगारी नोकरी कुठे सुरू होते, हा प्रश्न इतक्या नेटकेपणाने त्याआधी कुणी मांडल्याचं मला आठवत नाही. आज प्रत्येक मोठी निर्मिती चाहत्यांकडून चित्रफिती, विनोद, नाच करवून घेते. त्यांतल्या किती जणांनी तास मांडून ठेवलेत?

हाच झगडा पुढे एका टोपीवरून पुन्हा झाला. टोपीची गोष्ट सांगायलाच हवी. ‘द मेसेज’ नावाच्या भागात जेन कॉब या आडदांड, पैशासाठी कुणालाही विकेल अशा इसमाला घरून पार्सल येतं. आत आईने विणलेली लोकरीची टोपी: नारिंगी-पिवळ्या भडक पट्ट्या, कानांवर येणारे पाळे, वर गोंडा. दिसायला हास्यास्पद. जेन ती ताबडतोब डोक्यावर चढवतो आणि मिरवतो. अशी टोपी घालून रस्त्याने जाणारा माणूस कशालाच भीत नसणार, असा शेरा वॉश मारतो. या भागाचं चित्रीकरण चालू असतानाच मालिका बंद होत असल्याची बातमी सेटवर आली होती. शेवटी बर्फातल्या अंत्यविधीच्या प्रसंगाला ग्रेग एडमन्सनने जे संगीत दिलं, तो त्याचा मालिकेला निरोप होता. आणि हा भाग न दाखवलेल्या तिघांपैकी एक. म्हणजे ब्राउनकोटांची सगळ्यात ठळक खूण असलेली ही टोपी फॉक्सच्या त्या प्रसारणात एकदाही दिसली नव्हती.

दुकानात ती मिळत नव्हती, म्हणून लोक विणायला शिकले. कुणी आजीकडून विणून घेतली. विणकाम येणाऱ्यांनी थोड्याशा डॉलरांना विकायला सुरुवात केली. दहा वर्षं हे चाललं. २०१३ साली फॉक्सने एका कपडे कंपनीला टोपीचा अधिकृत परवाना दिला, आणि घरी विणून विकणाऱ्यांना विक्री थांबवण्याच्या नोटिसा गेल्या. मोठाच गदारोळ झाला. अधिकृत टोपी विकणाऱ्या थिंकगीक या दुकानाने आपण नोटिसा पाठवल्या नसल्याचा खुलासा केला, वर टोपीवरचा आपला नफा चाहत्यांच्याच धर्मादाय उपक्रमाला देऊन टाकला. माझा ओढा अर्थातच विणणाऱ्यांकडे आहे. आईने विणून पाठवली एवढंच त्या टोपीचं मोल, ती कारखान्यातून आली की उरते नुसती लोकर.

तो धर्मादाय उपक्रमही ब्राउनकोटांचाच. २००६ पासून दर वर्षी निरनिराळ्या देशांतल्या शहरांत ‘सेरेनिटी’चे खेळ लावायचे आणि पैसे मुख्यतः ‘इक्वॅलिटी नाऊ’ या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे. सिनेमाला धंदा देता आला नाही, पण त्याच्यावर देणग्या जमवता आल्या. थिएटर भरून टाकणारे तेच ते दर्दी इथे मात्र पुरेसे होते. एका शहरात एक हॉल भरला तरी उद्देश साधतो.

अवकाशाशीही त्यांचं एक खरंखुरं नातं जुळलं. जून २००७ मध्ये स्टीव्हन स्वॅन्सन हा चाहता अंतराळवीर अटलांटिस यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेला, तेव्हा त्याने मालिकेची आणि सिनेमाची डीव्हीडी सोबत नेली आणि तिथल्या संग्रहात ठेवली. परतीच्या प्रवासात त्याच यानातून सुनीता विल्यम्स पृथ्वीवर आल्या, ते परतणं आपल्याकडे घराघरांत टीव्हीवर पाहिलं गेलं होतं. २००९ मध्ये नासाने स्थानकाच्या नव्या खोलीसाठी नाव मागवलं. नासाने सुचवलेल्या चार नावांत योगायोगाने ‘सेरेनिटी’ होतं. ब्राउनकोट तुटून पडले आणि ते नाव चौघांत सहज पुढे गेलं. पण स्टीफन कोल्बेअर या विनोदवीराने आपल्या प्रेक्षकांना स्वतःचंच नाव लिहून पाठवायला लावलं आणि चाळीस हजारांहून जास्त मतांनी तो जिंकला. नासाने दोघांनाही बगल देऊन ‘ट्रँक्विलिटी’ नाव ठेवलं आणि कोल्बेअरच्या वाट्याला व्यायामाचा ट्रेडमिल आला. हे सांगायला त्याच्या कार्यक्रमात गेल्या त्याही सुनीता विल्यम्सच. मूठभरांची तीव्रता एकीकडे, टीव्हीवरच्या माणसाची गर्दी दुसरीकडे; निकाल पुन्हा तोच.

२०११ साली माल्कमचं काम करणारा नेथन फिलियन एका मुलाखतीत म्हणाला की तीस कोटी डॉलरची लॉटरी लागली तर आधी ‘फायरफ्लाय’चे हक्क घेईन. गमतीत म्हणाला. लोकांनी लगेच पैसे द्यायची तयारी दाखवली, हजारोंनी आकडे कळवले. शेवटी मालिकेशी संबंधित मंडळींनीच नको म्हटल्यावर मोहीम आटोपली. हेही भूमिकेतलंच: खजिना पलीकडे आहे, चला, लुटू या.

भूमिकेवरच शंका घेणारेही याच गोतावळ्यातून निघाले, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचे चाहते वाटतात. पहिली शंका ब्राउनकोट या प्रतिमेवर. हरलेलं बंडखोर सैन्य आणि केंद्रसत्तेबद्दल राग, हा साचा अमेरिकी यादवीतल्या दक्षिणेवरून घेतलेला आहे. व्हीडनला कथा सुचली तीच गेटिसबर्गच्या लढाईवरची कादंबरी वाचून. दक्षिणेच्या बंडामागे गुलामगिरी होती, मालिकेने ती बाजूला काढली आणि पराभवाचं तेवढं सौंदर्य ठेवलं. कृष्णवर्णीय अमेरिकी चाहत्याने तो तपकिरी कोट अंगावर चढवताना काय समजायचं? दुसरी शंका व्हीडनविषयी. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच्या आधीच्या मालिकांतल्या अभिनेत्री करिस्मा कार्पेंटर यांनी कामाच्या ठिकाणी त्याने दिलेल्या वागणुकीबद्दल जाहीर निवेदन काढलं, इतर काहींनी त्यांना पाठिंबा दिला. स्त्रियांच्या हक्कांसाठी त्याच्या सिनेमाचे खेळ लावणाऱ्यांची पंचाईत झाली. कुणी टोपी कपाटात ठेवली. कुणी म्हणालं, मालिका एकट्याची नसते, मिनिअर आहे, एडमन्सन आहे, नऊ नट आहेत, २००३ चा एमी हा टीव्हीवरचा पुरस्कार मिळवणारे विशेष दृश्यांचे कारागीर आहेत. दोन्ही प्रतिक्रिया मला प्रामाणिक वाटतात.

तिसरी शंका नव्या प्रेक्षकांची. त्यांना शुक्रवारची रात्र, बेसबॉल, पोस्टकार्डं यांतलं काहीच माहीत नाही. चौदा भाग हव्या त्या क्रमाने, हव्या त्या दिवशी समोर येतात आणि एका सुटीत संपतात. कथेतल्या जगात अमेरिका आणि चीन या दोन महासत्तांची संस्कृती एकत्र झालेली आहे, म्हणून पात्रं येता-जाता चिनी भाषेत शिव्या देतात, पाट्यांवर चिनी अक्षरं असतात, डॉक्टर आणि त्याच्या बहिणीचं आडनाव टॅम आहे आणि दोघांची कामं गोऱ्या नटांनी केली आहेत. मालिका पाहून उठलेल्या या प्रेक्षकाला फॉक्सने काय केलं ते जुना ब्राउनकोट तासभर समजावून सांगतो. तो ऐकून घेतो, आणि मग विचारतो की सगळे चिनीत बोलतात, तर चिनी माणसं कुठे आहेत?